खंडेनवमीला उघडलेली भट्टी

माझा हात आधी चालतो, तोंड नंतर. त्यामुळे शेठच्या कॉलरला मी आधी हात घातला आणि मग शिवी दिली.

महापेच्या आमच्या गाळ्यात आम्ही लिथियमच्या मातीच्या मोहरीएवढ्या गोळ्या भाजायचो. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी जमिनीवर तयार करणारी अणुभट्टी बांधायचं काम चालू आहे; तिच्या भिंतीत या गोळ्या भरायच्या, म्हणजे तिचं इंधन तिथंच तयार होतं. आमच्या गोळ्या दाबाखाली फुटत होत्या. त्या अणुभट्टीच्या संशोधकांनी आम्हाला शेवटची संधी दिली होती. ही खेप टिकली तर काम आमचं, नाहीतर दुसऱ्याचं. माझा सगळा जीव गोळ्या भाजायच्या आमच्या भट्टीत होता.

भाजून झालं की भट्टी आपली आपण, हळूहळू निवू द्यायची. दार उघडायचं नाही. शेठला हे मी डोकं फुटेस्तोवर सांगितलं होतं. शेठ घणसोली गावातला, वयानं माझ्या बापाएवढा, गाळा त्याचा.

खंडेनवमीला मी पूजेसाठी नवी साडी नेसून गेले, तर भट्टीचं दार सताड उघडं. आत लालबुंद ट्रे, आणि शेठ भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकू लावतोय. आतून फोडणीसारखी तडतड ऐकू येत होती. माझ्या गोळ्या तडकत होत्या.

"आज सगल्या मशिनींना इसावा द्याचा असतो, बाय," तो म्हणाला. "भट्टी पन मशीनच हाय ना?"

मी त्याला कॉलरला धरून ओढलं आणि भिंतीवर आदळलं. उघड्या हातानंच दार लोटलं, तळव्याची कातडी दाराला चिकटून राहिली. मागून त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. मी पूजेच्या ताटातला नारळ उचलून त्याला हाणला. त्याची भुवई फुटली, रक्त दाढीपर्यंत आलं. त्यानं माझा गळा धरला. कामगारांनी ओढून वेगळं केलं नसतं, तर दोघांपैकी एकाचा मुडदा पडला असता. मला तो त्याचाच पाडायचा होता.

भट्टी थंड झाल्यावर आम्ही गोळ्या दाबयंत्राखाली घातल्या. त्याच्या भुवईला टाके, माझ्या हाताला पट्टी. एकेक गोळी भुगा होत गेली. मी थांबले, तो थांबेना.

"एक तरी टिकंल," तो म्हणाला.

एकही टिकली नाही. मग त्यानं माझ्यासमोर संशोधकांना फोन लावला आणि सांगितलं, "दार मी उघडलं, पोरीची काही चूक नाय." काम गेलंच.

गाळ्यातले लोक अजून म्हणतात, शेठ मनाचा मोठा. असेल. त्याच्या मोठेपणाचं मी काय करू? मला माझ्या गोळ्या हव्या होत्या.