खणातलं निकालपत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी एकोणीस वर्षं ती रोज चढलो, तेव्हा माझ्या शहाणपणाचं काय ते तुम्हीच ठरवा. मी वकीलबाईंचा टायपिस्ट. ज्यांची वकील लावायची ऐपत नाही, अशांच्या अपिलांसाठी कोर्ट स्वतः वकील नेमतं. त्या नेमणुकीच्या यादीत आमच्या बाईंचं नाव होतं. खालच्या कोर्टात शिक्षा झालेली, माणूस तुरुंगात आणि आमच्या टेबलावर त्याच्या कागदांचं गाठोडं. अपिलात नवा साक्षीदार उभा राहत नाही, कुणी रडून दाखवत नाही. जे काही आहे ते कागदात. म्हणून कागद अन् कागद वाचणं, हेच बाईंचं खरं काम.

वाचायची त्यांची एक रीत होती. गाठोडं सुटलं की सगळ्यात आधी त्या निकालपत्र वेगळं काढायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. "खणात ठेवा, कुलूप लावा. बाकीचं वाचून झाल्याशिवाय मी मागितलं तरी देऊ नका." निकाल आधी वाचला की पुढची प्रत्येक साक्ष आपण न्यायाधीशांच्या ओंजळीने पितो, असं त्यांचं म्हणणं. घाईच्या वेळी दोन-तीनदा त्यांनी मागितलंही होतं. मी ढिम्म हललो नव्हतो. "काका, तुम्ही तुरुंगातच नोकरी करायला हवी होती," असं त्या चिडून म्हणाल्या होत्या. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

मग बाईंचे यजमान गेले. सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. पंधरा दिवसांनी बाई ऑफिसात आल्या, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसल्या. रडल्या असत्या तर मला काय करायचं ते कळलं असतं. त्या नुसत्या बसायच्या. समोरचा चहा निवायचा, त्यावर साय धरायची, मी कप उचलून न्यायचो. चहा आणला होता हेही त्यांना ठाऊक नसायचं. मी "बाई" म्हणून हाक मारली की त्या "हो" म्हणायच्या, आणि त्या "हो"च्या पुढे काही नसायचं.

रंगाऱ्याचं गाठोडं त्याच आठवड्यात आलं. हा घरं रंगवणारा माणूस. दुकान बंद करणाऱ्या एका सोनाराच्या डोक्यात मागून गज घालून त्याने पिशवी पळवली, असा आरोप. पिशवी सापडली नव्हती, सोनाराने कुणाला पाहिलं नव्हतं. पुरावा एकच, समोरचा शिंपी. त्याने याला पळताना पाहिलं होतं म्हणे. शिक्षा दहा वर्षं.

"निकालपत्र द्या," बाई म्हणाल्या.

"आधी बाकीचं वाचायचंय ना?"

"द्या हो काका."

मी कुलूप काढलं आणि दिलं. दुःखातल्या माणसाशी कसली हुज्जत घालायची, असं मला वाटलं. आपण मोठं मन दाखवलं, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

निकालपत्रात लिहिलं होतं, शिंप्याने आपल्या दुकानातून आरोपीचा चेहरा स्पष्ट पाहिला. बाईंनी त्यानंतर बाकीची पानं नुसती उलटली. एरवी पेन्सिलीच्या खुणांनी भरून जाणारे समास कोरेच राहिले. अपिलात एवढंच मांडलं की पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, शिक्षा कमी करावी. मी टाईप केलं. टायपिंगची एकही चूक नव्हती. सुनावणी वीस मिनिटांत आटोपली आणि शिक्षा कायम झाली. बाईंनी नियमाप्रमाणे रंगाऱ्याला पत्र लिहून निकाल कळवला, पुढे काय करता येईल ते सांगितलं, सगळ्या कागदांच्या प्रती पाठवल्या. यातलं काहीही चुकलं नाही. हात सवयीने चालत होते.

चार महिन्यांनी तुरुंगातून पत्र आलं. अक्षर ओळ सोडून खाली घसरणारं.

"बाईंना नमस्कार. मी चौथी शिकलेला आहे म्हणून वाचायला वेळ लागला. पान १४३ वर शिंपीमामा सांगतात की शटर अर्धं खाली होतं आणि पळणाऱ्याचे फक्त कमरेखाली पाय दिसले. मग चेहरा कसा दिसला? माझं वाचायला चुकलं असेल. समजावून सांगा."

बाईंनी पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"त्याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खण माझा होता, किल्ली माझी होती.

"टाईप करा," बाई म्हणाल्या. अपील पुन्हा ऐकावं म्हणून कोर्टाला अर्ज. त्यात एक वाक्य असं: 'नेमलेल्या वकिलाने, म्हणजे मी, सर्व साक्षी वाचल्या नाहीत आणि आपलं कर्तव्य पार पाडलं नाही.'

माझी बोटं थांबली. "नजरचुकीने असं घालू का? आणि घरात काय झालं होतं, तेही?"

"ते माझ्या बाजूचं होईल. मी त्याची वकील आहे."

"यादीतून नाव काढतील, बाई."

"काढतील."

अर्जावर रंगाऱ्याची सही हवी होती, म्हणून आम्ही दोघं तुरुंगात गेलो. बाई त्याला पहिल्यांदाच पाहत होत्या. सडपातळ माणूस, नखांच्या कडांना पांढरा रंग; तुरुंगाच्या भिंतीही त्याच्याकडूनच रंगवून घेत होते. त्याने अर्ज वाचून दाखवू दिला नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतः वाचला. पहारेकरी घड्याळ दाखवायला लागला. "वाचू दे त्यांना," बाई म्हणाल्या. 'कर्तव्य' शब्दापाशी त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे आता तुम्ही माझ्या वकील नाही?"

"नाही. कोर्ट दुसरे देईल."

"ते वाचतील का?"

बाईंनी पेन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने सही केली.

अर्ज मंजूर झाला. अपील पुन्हा ऐकायचं ठरलं, नवा वकील नेमला गेला आणि बाईंचं नाव यादीतून गेलं. ते पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं. त्या दिवशी चहा मात्र प्यायल्या.

नवा वकील गाठोडं न्यायला आला तेव्हा बाई घरी होत्या. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. मी गाठोडं दिलं. त्याने चाळून पाहिलं.

"यात निकालपत्र नाही."

"आधी हे वाचून या. मग देतो."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

"टायपिस्ट," मी म्हणालो आणि किल्ली खिशात टाकली. तक्रार करीन म्हणाला. करा म्हटलं. पाय आपटत गेला.

पाचव्या दिवशी परत आला. शर्टाला इस्त्री नव्हती. दारातच उभा राहून म्हणाला, "एकशे त्रेचाळीस तर आहेच. पण एकशे नव्वद? ओळख परेडच्या आदल्या दिवशी पोलिसांनी शिंप्याला याचा फोटो दाखवला होता. तो स्वतःच कबूल करतोय."

ते पान ना बाईंनी वाचलं होतं, ना मी, ना रंगाऱ्याला त्याचा अर्थ लागला होता. मी खण उघडला.