दाराकडे तोंड केलेली ठकी

अख्ख्या मध्यभारतात काळजी करण्याचं एखादं खातं असतं, तर त्याचं मंत्रिपद आमच्या आत्याबाईंकडे बिनविरोध आलं असतं. आणि खातं इंदुरात ठेवायचं की ग्वाल्हेरला न्यायचं, या काळजीनं त्यांनी ते पहिल्याच दिवशी सोडलंही असतं. नात्यानं त्या माझ्या आत्येसासूबाई. होळकरांच्या अमदानीत मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, पेन्शन घेतल्यावर इंदुरातच रामबागेत दोन खोल्यांत एकट्या राहत. स्टोव्ह विझवला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरत. टांग्यात बसण्याआधी घोडा लंगडत तर नाही ना, असं विचारत, आणि टांगेवाला ‘नाही’ म्हणाला की त्याचाच आवाज का बसलाय याचा त्यांना घोर लागे. आभाळ निरभ्र असलं तरी छत्री बरोबर, आणि छत्री हरवेल म्हणून ती नाडीनं मनगटाला बांधलेली.

अशा या बाई एकाच ठिकाणी शांत असत, ते म्हणजे त्यांची आतली खोली. तिथे परातीत वाळू, चिकणमातीचा गोळा, पत्र्याचा टांगा, चिंध्यांच्या बाहुल्या आणि एक रंग उडालेली लाकडी ठकी. विलायतेहून पुस्तकं मागवून त्यांनी हे शास्त्र शिकून घेतलं होतं. अंथरूण ओलं करणारी, चावणारी, अंधाराला भिणारी मुलं लोक त्यांच्याकडे आणत, आणि आत्याबाई त्यांना नुसतं खेळू देत. ‘पोर तोंडानं सांगत नाही, खेळून सांगते,’ एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही घरात त्याला हसत असू. हसणं थांबलं ते आमच्यावर वेळ आली तेव्हा.

हे सेक्रेटेरिएटात होते. उन्हाळ्यात सरकार इंदुरात, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि सरकारामागून फायलींच्या पेट्यांसह हेही. सासूबाईंचा दंडक असा, की घरातलं माणूस गावाला निघताना पोरांना कळू द्यायचं नाही. रडली तर अपशकुन होतो. म्हणून त्या हिवाळ्यात आमच्या चार वर्षांच्या बेबीला परसात नेलं, ह्यांनी मागून ‘जिलबी आणतो हं’ म्हणून हाक दिली आणि टांगा स्टेशनाकडे गेला. पहिले काही दिवस बेबी गप्प गप्प राहिली. मग तिचं बोलणंच बंद झालं. दिवसभर जिची टकळी थांबत नसे, ती पोर पाणीसुद्धा बोट दाखवून मागू लागली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून ‘गला तो बिल्कुल ठीक है’ म्हटलं. शेजारीण हळूच म्हणाली, ‘मुकी तर नाही न होणार?’ शेवटी बेबीला कडेवर घेऊन मी रामबाग गाठली.

‘तिला साफ सांग, तू इथे खेळायला येऊन राहिली आहे,’ आत्याबाईंनी मलाच आधी शिकवायला घेतलं. ‘हर मंगळवारी, याच वेळी. दुसऱ्या दिवशी नाही, मनात आलं तेव्हा नाही. आणि घरी गेल्यावर काय खेळली, काय केलं, एक शब्द विचारायचा नाही. पेढ्याची लालूच नाही. ती आपणहून सांगेल तर ऐकायचं.’

‘पण बोलेल कधी?’

‘ते मला काय माहीत! मी काय ज्योतिषी आहे?’

मी ओट्यावर बसून नखं कुरतडत असे. एकदा माझ्यासारखेच मुलाला घेऊन आलेले एक वकील तिथे होते. त्यांना राहवेना; खिडकीतून डोकावून ओरडले, ‘अरे, घोड्याला चार पाय असतात!’ आत्याबाई बाहेर आल्या, वकिलांच्या हातात मातीचा गोळा ठेवला. ‘वकीलसाहेब, चार पायांचा घोडा तुम्ही इथे करा. त्याचा त्याला करू द्या न.’ वकीलसाहेब काळ्या कोटानिशी मांडी घालून बसले आणि इतके रंगले, की निघताना मुलगाच त्यांना ‘चला न बाबा’ म्हणून ओढत होता.

किती मंगळवार गेले कोण जाणे. एक दिवस बेबीनंच दार उघडलं आणि पदर धरून मला आत ओढलं. आत्याबाईंनी डोळ्यांनीच बजावलं, गप्प बैस. बेबीनं टोपीवाला बाहुला पत्र्याच्या टांग्यात बसवला, टांगा कपाटामागे नेऊन वर फडकं टाकलं. मग ठकीला उचलून दाराकडे तोंड करून बसवलं. आणि तिच्याशेजारी स्वतःही बसली, तशीच, दाराकडे बघत. मी पुढे होणार तोच आत्याबाईंनी माझा हात दाबला.

‘टोपीवाले गेले,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘ठकीला कोणी सांगितलंच नाही. ठकी वाट बघून राहिली.’

बेबीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ‘जिलबी,’ ती म्हणाली.

मला हुंदका आवरेना. माझी पोर एवढे दिवस जिलबीची वाट बघत बसली होती, आणि आम्ही तिचा घसा तपासत होतो.

बोलणं एकदम परत आलं नाही, शब्दाशब्दानं आलं. पुढच्या हिवाळ्यात ह्यांनी उकिडवं बसून बेबीला सांगितलं, मी ग्वाल्हेरला जातोय, होळीला येईन. तिनं असं भोकाड पसरलं की गल्ली गोळा झाली. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. आत्याबाई मात्र डोळे पुसत म्हणाल्या, ‘रडून राहिली आहे न? मग फिकर नाही.’ आणि लगेच त्यांना गाडी चुकण्याची काळजी लागली.

बेबी चौथीत असताना आत्याबाई ऑपरेशनसाठी पुतण्याकडे पुण्याला निघाल्या. पोरीची परीक्षा आहे, तिला सांगू नका, असं आम्ही सगळ्यांनी बजावलेलं. त्यांनी ऐकलं नाही. टांगा दाराशी उभा करून आल्या, मनगटाला छत्री, हातात ठकी. बेबीसमोर बसल्या. ‘मी पुण्याला चालले. बहुतेक परत नाही यायची. म्हणून ही तुझ्याकडे.’ बेबी गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, ‘असं अभद्र बोलू नका, आत्याबाई,’ आणि पुढचं ऐकायला नको म्हणून कुंकवाचा करंडा आणायला आत पळाले. येईपर्यंत टांगा वळला होता.

त्या परत आल्या नाहीत. ठकी बेबीच्या फळीवर आहे, तोंड खोलीकडे करून; बेबीला निरोप मिळाला होता. टांग्याचा आवाज आला की दाराकडे बघते ती मी.