चेंडूच्या आधी पोचणारा

डेल्बर्ट हृस्काला आठचा आकडा लिहिता येत नाही, अशी क्लबातल्या प्रशिक्षकांची जुनी चेष्टा होती. बेसबॉलच्या खेळाडूला एकेका कौशल्याचे वेगळे गुण देतात, ते वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे बरा, साठ म्हणजे चांगला, आणि ऐंशी म्हणजे पिढीत एखादाच. एकतीस वर्षांत डेल्बर्टने ऐंशी कुणालाच दिले नव्हते.

क्लबचे धाकटे संघ पाच, पाच वेगळ्या गावांत. तळच्या संघातून खेळाडू पायरीपायरीने वर, मुख्य संघाकडे चढत आणि बहुतेक मधेच गळत. कोण चढेल, कोण गळेल, हे सांगणं डेल्बर्टचं काम. दर उन्हाळ्यात तो गाडी काढी, एकेका गावात पाच दिवस राही आणि मारणाऱ्याच्या पाठीशी बसणाऱ्या कॅचरच्या मागे, प्रेक्षकांच्या ओळीत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसे. तरुणपणी तो स्वतः याच मैदानांवर अकरा वर्षं शॉर्टस्टॉप खेळला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून चेंडू अडवणारा. वर कधी पोचला नाही. म्हणून कुणाच्या नावावर काट मारताना त्याचा हात जड होई. पण मारायची ती मारीच.

त्या जुलैत आयोवातल्या संघाच्या यादीत एक नाव होतं ज्युरिक विंकलार. वय बावीस, कुरासाओ बेटावरचा, तोही शॉर्टस्टॉप. बॅट अगदीच लुळी. ऑफिसने पुढे लिहिलं होतं, ‘सोडून द्यावा. बघून कळवा.’

पहिल्या दिवशी त्याच्याकडे चार चेंडू आले. चारही त्याने सहज उचलून फेकले. ना सूर मारला, ना लोळण घेतली. डेल्बर्टने पन्नास लिहिले. सकाळी अंडी आणि बटाटे खाता खाता मात्र त्याचा काटा हातातच राहिला. चार चेंडू चार दिशांना गेले होते. मग हा माणूस धावताना दिसला कसा नाही?

दुसऱ्या दिवशी त्याने चेंडूकडे बघणंच सोडलं. नजर नुसती विंकलारच्या पायांवर. बॅटचा आवाज यायच्या आधीच ते पाय निघालेले असत. डेल्बर्ट बिया चघळायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्या संघाचा सराव चालू असताना त्याने विंकलारला प्रेक्षकांच्या बाकावर बोलावून घेतलं.

“चेंडू कुठे येणार, तुला आधी कळतं?”

विंकलारचा चेहरा पडला. “माझं चुकतंय का, सर? पूर्वी एका कोचने झापलं होतं, जागा लवकर सोडतो म्हणून.”

“चुकत नाही रे. कसं कळतं ते सांग.”

“आमच्या मैदानावर दगडच दगड, सर. चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उडेल, देव जाणे. त्याच्याकडे बघून काय करणार? मी मारणाऱ्याकडेच बघायचो. पुढच्या पायाची टाच, मागचं कोपर.”

“मग सांग आता. हा कुठे मारेल?”

विंकलार जरा पुढे वाकला. “उजवीकडे, जमिनीलगत.” फटका तिकडेच गेला. “उंच, मागे.” उंच, मागे. “ह्याचा चुकणार.” चुकला. वीसपैकी अठरा वेळा त्याने आधी सांगितलं, तेही हळू आवाजात, बोलणं ऐकून कुणाला राग यायला नको अशा बेताने. डेल्बर्टच्या अंगावर भर उन्हात काटा आला. ज्या जागेवर आपण अकरा वर्षं उभे राहिलो, तिथून एवढं दिसत होतं, आणि आपल्याला त्यातलं काहीच दिसलं नाही!

त्याच संध्याकाळी त्याने क्षेत्ररक्षणापुढे ऐंशी लिहिले.

ऑफिसातून मॉरीन स्टडरचा फोन आला. धाकट्या संघांचा कारभार तिच्याकडे होता. “डेल्बर्ट, तब्येत बरी आहे ना तुमची? की उन्हाची टोपी विसरलात?”

“तू स्वतः ये, मॉरीन.”

रविवारी ती आली. विंकलार चारही वेळा बॅट घेऊन आला तसा परतला. त्याच्याकडे तीन चेंडू आले, तिन्ही सरळ हातात.

“मला तर काहीच दिसलं नाही,” मॉरीन म्हणाली. “तो नुसता उभा होता.”

“बरोबर. कुठे उभा होता, ते बघ उद्या. चेंडू सोड, पाय बघ.”

ती राहिली. दुसऱ्या दिवशी सहाव्या डावात तिने डेल्बर्टचं मनगट घट्ट धरलं आणि सामना संपेपर्यंत विंकलारच्या पायांवरून नजर हलवली नाही.

विंकलार क्लबात राहिला. त्याची बॅट शेवटपर्यंत लुळीच राहिली, म्हणून वर चढायला चार वर्षं लागली. पण चढला. आघाडी राखायची असली की शेवटच्या डावांत त्याला मैदानात उतरवत. असा तो सहा हंगाम खेळला. लोकांना त्याचं नाव फारसं ठाऊक नव्हतं. ज्यांच्या चेंडूंवरचे फटके तो अडवी, त्या पिचर मंडळींना मात्र चांगलं ठाऊक होतं.

डेल्बर्ट आता निवृत्त आहे. नातीच्या शाळेचा सामना असला की तारेच्या कुंपणाशी उभा राहतो, मारणारीच्या टाचेवर नजर लावतो आणि बायकोच्या कानात सांगतो, “डावीकडे.”

तीनातला एखादा बरोबर येतो. मग दिवसभर खुशीत असतो.