लसूण सोलायला येणारी मुलं

घरात लसूण सोलायला काढला की मला ती केस आठवते आणि मी बायकोपुढची परात ओढून घेतो. निवृत्तीनंतर ठाणेदार कामाला लागला, असं ती सगळ्यांना सांगत असते.

तेव्हा मी बुलडाणा जिल्ह्यात ठाणेदार होतो. हद्दीत एक निवासी धार्मिक शाळा होती. कोणत्या धर्माची ते सांगणार नाही; सांगितलं की निम्मे वाचक खूश होतील आणि निम्मे चिडतील. तिथं मी मोठ्या थाटात तक्रारपेटी बसवली होती, तीही थेट कार्यालयासमोर. सहा महिने पेटी रिकामी. मी खूश!

एकदा धाड गावच्या बाजारात बंदोबस्तावर असताना त्या शाळेची स्वयंपाकीण मावशी समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, पोरं लय लसूण सोलून राह्यले."

"मग चांगलंच आहे की, मावशी!"

"आधी ऐका तं खरं! रोज चार वाजताच काऊन येते? खेळाचा टाइम हाय तो. लसूण सरला का रडाले होते. अन् वसतिगृहाचे सर गावाले गेले का एकही फिरकत नाही."

माझं हसू तिथंच थांबलं. "पेटीत कुणी चिठ्ठी का नाही टाकली?"

"पेटीसमोर सरच तं बसते! कोण टाकीन? तुमाले काही समजते का नाही?"

भर बाजारात बोलणी खाल्ली, पण बाई खरं बोलत होती.

मुलांना ठाण्यात आणायचं नसतं. आमच्या महिला फौजदार साध्या साडीत शाळेत गेल्या. कुठं बोलायचं, असं विचारल्यावर मुलं म्हणाली, "मावशीजवळ." मी बाहेर ओट्यावर बसलो. मावशीनं माझ्यापुढंही लसूण आणून ठेवला. आत पहिलं मूल बोलायला तास लागला. सर चार वाजता एकेकाला पाठांतराला खोलीत बोलवत, दार लावत आणि नको तिथं हात लावत. बोलावणं आलं तर कामात आहोत म्हणता यावं, म्हणून मुलं स्वयंपाकघरात जाऊन बसत. फौजदार बाईंनी बाहेर येऊन हे मला सांगितलं.

संस्थाचालकांनी हात जोडले. "शाळेचं नाव जाईल हो, साहेब."

"लपवलंत तर तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल," मी म्हणालो. मग मात्र त्यांनी स्वतः पालकांना बोलावून घेतलं.

सर चौकशीत भलतेच गोड बोलत होते. मी विचारलं, "चार वाजता मुलं कुठं असतात?"

"मैदानावर."

"नाही. लसूण सोलत असतात. का, ते तुम्हीच सांगा."

ते घटाघटा पाणी प्यायले. त्यांनी कबूल केलं असतं तरी पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाहीच. मुलांनी सांगितलेलं टिकलं. पॉक्सो कायद्याखाली सरांना शिक्षा झाली.

त्यानंतर खोल्यांच्या दारांना काचा बसल्या, एकट्या मुलाला बोलावणं बंद झालं आणि पेटी मावशीनं दाखवलेल्या जागी, नळाजवळ गेली. नोकरीभर मी लोकांनी सांगितलेल्या तक्रारी लिहून घेतल्या. मुलं कुठं जाऊन बसतात तेही बघायचं असतं, हे मला मावशीनं शिकवलं.

बदलीआधी एकदा चारच्या सुमाराला शाळेत गेलो. मैदानावर नुसता कल्ला चालला होता. मावशी लसणाच्या ढिगापुढं एकटीच बसलेली.

"पाहा साहेब, एक पोट्टा येत नाही आता! माह्ये बोटं आंबले."

असं म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले, वर म्हणे लसूण झोंबला. मी टोपी काढून तिच्यासमोर बसलो आणि सोलायला लागलो.