रे टॉलीच्या घरातले गालिचे

इंग्लंडातल्या किडरमिन्स्टर गावात गालिच्यांच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हा अर्धं गाव गालिचे विणायचं आणि उरलेलं ते अंथरायचं. रे टॉली अंथरणाऱ्यांतला. एक्केचाळीस वर्षं गुडघ्यांवर रांगून त्याने अख्ख्या पंचक्रोशीच्या पायांखाली काही ना काही मऊ घातलं. आणि काम संपल्यावर उरलेला तुकडा टाकून देईल तो रे कसला! तुकडा काखोटीला मारायचा आणि घरी न्यायचा.

त्यामुळे झालं असं, की त्याच्या घरात एक खोली दुसरीला ओळख दाखवत नव्हती. बैठकीत नाचघराचा लालभडक, जेवायच्या जागी बँकेचा करडा. जिन्याला पायऱ्या तेरा, तर तऱ्हाही तेरा. पाहुण्यांच्या खोलीत स्मशानातल्या प्रार्थनागृहाचा जांभळा. तिथे दोन रात्रींच्या वर एकही पाहुणा टिकला नाही. आणि बाथरूममध्येही गालिचा, बरं का! नुसता जमिनीवर नाही, टबाच्या अंगावर चढवलेला आणि कमोडच्या झाकणालाही बेतून बसवलेला. बायको डोरीन होती तेव्हा म्हणायची, "रे, एखाद्या दुपारी सोफ्यावर डोळा लागला तर मलाही मढवशील तू." तिने हट्टाने एकटं स्वयंपाकघर वाचवलं होतं.

हसायचं त्याने खुशाल हसावं. पण त्या घरात दोन गालिच्यांचा सांधा कुठे आहे हे बोट फिरवूनही कळायचं नाही, हेही खरं. असं काम करणारा आता गावात दाखवा मला!

त्या कामाने गुडघे मात्र खाल्ले. गालिचा ताणायचं अवजार गुडघ्याने ठोसायचं असतं. इतकी वर्षं ठोसल्यावर गुडघे काय म्हणणार? पंचाहत्तरीत रे जिना बसून उतरायचा, एकेक पायरी घसरत. फेब्रुवारीत एकदा तो आठव्या पायरीवर अडकला तो दोन तास तिथेच. वर जाववेना, खाली उतरवेना. कुणाला बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या जिन्याची भीती वाटायला लागली.

अशात कालव्याकाठच्या वृद्धांच्या वसाहतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत तुमच्या घराला गिऱ्हाईक ठरलं तर जागा तुमची. नाहीतर यादीतला पुढचा माणूस." आणि पुन्हा नंबर लागायला तीन वर्षं. तीन वर्षं तो जिना!

घरं विकणारी जेमा आली, वरखाली फिरली आणि खुर्चीत बसली.

"मिस्टर टॉली, हे सगळं उचला, भिंतींना पांढरा रंग मारा. आठवड्यात विकून देते."

"उचला? पोरी, मघाशी तू ज्यावर उभी होतीस ना, तो बिंगो हॉलचा आहे. ऐंशी टक्के लोकर!"

"तेच तर म्हणतेय मी."

"नाही उचलणार. ज्याला घ्यायचं तो असंच घेईल."

जेमाने कपाळावर हात मारला, फोटो काढले आणि जाहिरातीत लिहिलं, 'व्यक्तिमत्त्व असलेलं घर'. त्यांच्या धंद्यात याचा अर्थ, देवच तारो.

फोटो इंटरनेटवर गेले आणि देशभरातल्या रिकामटेकड्यांना काम मिळालं. शेजारची ऑड्री फोन घेऊनच चहाला आली.

"ऐक, हा विचारतोय, बाथरूमचे केस कापायला न्हावी दर महिन्याला येतो का?"

"छान."

"आणि ही म्हणते, हे घर विकत घ्यायचं की विंचरायचं?"

"ऑड्री, चहा संपव आणि घरी जा."

तो हसला खरा, पण ती गेल्यावर कितीतरी वेळ कमोडच्या झाकणाकडे बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कामाची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

शनिवारी घर बघायला तेवीस माणसं आली. घ्यायला एकही नाही! दोघांनी बाथरूममध्ये स्वतःचे फोटो काढले. एक म्हातारी बैठकीत बूट काढून लाल गालिच्यावर उभी राहिली, नाचघरात भेटलेल्या कुणा पोराची आठवण काढून डोळे पुसले, आणि रेने आशेने विचारलं तर म्हणाली, "घर? छे हो, मला आहे की घर!"

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा केटी आणि डीन आले, सहा वर्षांच्या मेबलला घेऊन. पोरगी जिन्यावर उड्या मारत रंग मोजायला लागली. केटी मात्र खाली वाकली आणि दाराजवळच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं? जोडच लागत नाही हाताला."

"मी," रे म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून खोकला ऐकू आला. मेबल नवव्या पायरीवर बसली होती, छाती वरखाली होत होती. केटी धावली, पंप तोंडाला लावला. पोरीचा श्वास जागेवर यायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं रे कठडा धरून उभा होता.

"दमा आहे तिला," केटी म्हणाली. "मिस्टर टॉली, खोटं नाही सांगत, घर मनात भरलंय. शाळा जवळ, उजेड आहे. पण धुळीने तिला असं होतं. हे सगळं उखडायला माणसं लावायची आमची ऐपत नाही. माफ करा."

"माणसं कशाला?" रे म्हणाला.

त्यांनी घर घेतलं असतं तर मागच्या खोलीत मेबल झोपली असती. तिथे तो भिंतीला धरून हळूहळू गुडघ्यांवर उतरला. दुखलं, चांगलंच दुखलं. कोपऱ्यात बोटं घातली, खिळ्यांच्या पट्टीवरून कड सोडवली आणि अलगद ओढली. खाली स्वच्छ लाकडी फळ्या होत्या.

"इथून सुरुवात करायची. ओढायचं नाही, गुंडाळत जायचं. नाहीतर फळीचा तुकडा निघतो. डीन, तू धर तिकडनं. मेबल, तू बाहेर थांब हं, धूळ आहे."

"अहो, तुम्ही कशाला..." केटी म्हणाली. "तुमचंच काम ना हे?"

"म्हणून तर. दुसऱ्याच्या हातून फाटलं असतं."

खोली मोकळी व्हायला तासभर लागला. बाकीच्या खोल्या केटी आणि डीन एकेका रविवारी येऊन करतील असं ठरलं, कुठे खिळा आहे आणि कुठे डिंक हे रे खुर्चीत बसून सांगणार. डीनने तिथल्या तिथे घराची बोली लावली.

रे अजून जमिनीवरच होता. त्याने दोन्ही हात वर केले.

"आता मला कुणीतरी उठवा रे बाबांनो, म्हणजे जेमाला फोन लावतो."