हुतूतूचा उपास

मी उपास मोडला म्हणून आमचं गाव हुतूतूत हरलं, असं गावाने ठरवलं होतं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

माझं माहेर महाडचं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि वरंधच्या बाजूला, डोंगरातल्या एका गावात मला दिली. धाकट्या बहिणीला खाली बिरवाडीच्या अलीकडच्या गावात दिली. या दोन गावांचा दर शिमग्याला हुतूतूचा सामना व्हायचा. मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत असलेले गडी त्यासाठी रजा काढून यायचे. माझा नवरा गावीच शेती करायचा, आमच्या गावचा पहिला गडी. एका दमात तिघांना शिवून परत यायचा.

तरीही आमचं गाव सारखं हरत होतं. त्या वर्षी गुरवाने देवीला कौल लावला आणि सांगितलं, देवी रुसलीय. खेळणाऱ्यांच्या घरच्या बायकांनी होळीपासून सामना होईपर्यंत, दोन दिवस, उपास धरायचा, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. गड्यांनी देवीची पालखी घरोघर नाचवायची. पाटलांनी मान डोलावली. गड्यांच्या उपासाचा विषय मात्र कोणी काढला नाही. त्यांना कोंबडं शिजलं. शिजवलं उपाशी बायकांनीच.

माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची, अंगावर पिणारी. पहिला दिवस मी काढला. दुसऱ्या दिवशी दूध उतरेना. पोर छातीशी झोंबायची, सोडायची, किंचाळायची. मी चुलीपाशी बसले आणि नाचणीची भाकरी, वर पेज, पोटभर खाल्ली. लपून नाही. सासूबाई दारातून बघत होत्या.

"खाल्लंस गो?"

"खाल्लं. पोरीला दूध नाय."

"सगल्या गावाचा उपास हाय नि तुलाच भूक लागली व्हय?" एवढं बोलून त्या तडक बाहेर गेल्या.

सामन्याच्या दिवशी कापलेल्या शेतात रेघा मारल्या होत्या. खालच्या गावच्या बायकाही आल्या होत्या, त्यात माझी बहीण. तिचा दीर खेळणार होता. तिचे ओठ सुकलेले बघून मी विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"उपास आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्याजणींनी धरलाय. काल तुमच्याच देवीची ओटी भरून गेलो आम्ही."

खालचं गावही आमच्याच देवीला मानायचं.  एका आईच्या पोटच्या आम्ही दोघी. एकाच देवीपुढे तिने माझा नवरा पडावा म्हणून उपाशी राहायचं, मी तिचा दीर पडावा म्हणून. देवीला मीही हात जोडते, पोरीला ताप आला तर तिलाच हाक मारते. पण हे मागणं मला तेव्हा किळसवाणं वाटलं.

माझा नवरा पहिल्याच चढाईला गेला तो मला वेगळा दिसला. दोन दिवस पालखी नाचवून त्याचा उजवा खांदा सुजला होता. सकाळी त्याला हात वर करून सदराही घालता आला नव्हता, मीच घातला होता. खालच्या गड्यांनी नेमका तोच हात धरला. तो कळवळला, दम तुटला, बाद झाला. पुढे दोनदा तसंच झालं. आम्ही हरलो.

संध्याकाळी मला देवळापुढे बोलावलं. गुरव म्हणाला, "कोनाच्या तरी घरात उपास मोडला. देवीला ठावं हाय."

"देवीला कशाला, तुम्हालाच ठाऊक आहे," मी म्हटलं. "सासूबाईंनी सांगितलंय."

पाटील म्हणाले, "नारल ठेव नि देवीसमोर नाक घास. गावाची माफी माग."

"खालच्या गावच्या बायकांनी याच देवीसाठी उपास धरला होता. देवीने त्यांचं ऐकलं म्हणा. नाहीतर यांचा खांदा बघा. पालखी कोणी नाचवायला लावली?"

 मी नवऱ्याकडे बघितलं. सुजलेला खांदा त्याचाच. एक शब्द बोलायचा होता. तो खाली बघत म्हणाला, "तू गप बस. घास नाक नि चल घरी."

मी नाक घासलं नाही. पोरीला उचललं आणि घरी गेले.

त्या पावसात आमच्या भाताच्या आवणीला गावातली एकही बाई आली नाही. एरवी सगळ्याजणी एकमेकींच्या खाचरात रांगेने उतरायच्या. मी पोरीला बांधावर टोपलीत ठेवायची, वर इरलं झाकायची, आणि आम्ही दोघंच रोपं लावायचो. नवरा चिडून म्हणायचा, "तुझ्यामुलं झालं." चौथ्या वेळी मी हातातली रोपांची मूठ चिखलात फेकली आणि विचारलं, "तुझा खांदा पण मीच सुजवला का?" तो पुन्हा तसं बोलला नाही. पण चुकलं, असंही कधी बोलला नाही.

पुढच्या शिमग्याला पुन्हा उपास ठरला. मी दोन्ही दिवस ओसरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत जेवले. आणि आमचं गाव जिंकलं. नवऱ्याने त्या वर्षी पालखीला खांदा दिला नव्हता. दुखतोय म्हणाला. गुलाल उडाला तेव्हा मी गुरवाला गाठलं.

"मी तर रोज जेवले. मग कसे जिंकलो?"

"देवीनं तुला पदरात घेतली," गुरव हसत म्हणाला.

मला त्याच्या हातातला नारळ त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. हरलं तर मी, जिंकलं तर देवी. कसंही झालं तरी त्याचं म्हणणं खोटं पडतच नव्हतं.

काही दिवसांनी बहीण आली. त्यांचं गाव हरलं होतं, आणि त्यांनीही बाई शोधून काढली होती. नवीन लग्न होऊन आलेली पोर, तेरा-चौदाची. भुकेने चक्कर आली म्हणून तिने गुळाचा खडा तोंडात टाकला होता. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी मुलीला कडेवर घेतलं आणि बहिणीबरोबर खाली गेले. ती पोर परसात भांडी घासत होती. मी कोण ते कळल्यावर रडायला लागली. "वैनी, एकच खडा खाल्ला गो मी. देवीशपथ."

"पुढच्या वर्षी जेव," मी म्हटलं. "ओसरीवर बसून जेव."

तिची सासू आतून ओरडली, "कोन हाय गो ती?" मी तिथेच बसले आणि त्या सुनेच्या पुढ्यातली निम्मी भांडी माझ्याकडे ओढून घेतली.