चाळीस सह्या, एकही मतदार हजर नाही

इब्राहिमभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. मी पोहोचलो तेव्हा माणसं परतत होती. याला आता सहा आठवडे झाले.

आमचं गाव एक, रत्नागिरीच्या खाडीकाठचं. पण ओळख झाली ती सौदीतल्या अल खर्जला, एका डेअरीच्या कॅम्पमध्ये. ते दूध थंड करणाऱ्या यंत्रांवर मेकॅनिक, मी स्टोअरला कारकून. आखाती युद्धाचे दिवस होते. खिडक्यांना चिकटपट्ट्या, उशाशी गॅस मास्क... आणि इब्राहिमभाईंच्या डोक्यात गावचे दोन नगरसेवक. मोहल्ल्यासाठी मंजूर झालेली पाण्याची लाइन त्या दोघांनी ठराव बदलून स्वतःच्या आळीकडे वळवली होती. भाभी, म्हणजे इब्राहिमभाईंच्या पत्नी जुबेदा, पाठीचं दुखणं घेऊन टेकडीखालच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. निवडून आलेल्याला परत बोलावण्याची कायद्यात सोय नव्हती. म्हणून इब्राहिमभाईंनी राजीनाम्याची मागणी लिहिली आणि एका शुक्रवारी जेवणाच्या हॉलमध्ये कागद फिरवला.

"मिसाईल कुठे पडेल ठाऊक नाही आणि तुला नगरसेवक पाडायचाय?" वेल्डर दाऊद म्हणाला.

"मिसाईल माझ्या हातात नाही. नगरसेवक आपण निवडून दिलाय. यल्ला, चल, कर सही!"

आमच्या गावच्या चाळीस जणांच्या सह्या झाल्या. माझीही होती. टपाल रखडत होतं. उत्तर आलं तेव्हा युद्ध थांबलेलं होतं. दोघांपैकी एका नगरसेवकाने चारच ओळी लिहिल्या होत्या : मतदानाच्या दिवशी तुमच्यापैकी एकही गावात नव्हता. मतं तुमच्या घरच्या बायकांनी दिली. त्यांची तक्रार माझ्याकडे नाही.

इब्राहिमभाईंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "खरंय रे. हिला विचारलंच नाही मी."

त्यांनी तसं भाभींना कळवलं. भाभींचं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. "परदेशात चाळीस जणांना विचारलंत. हंडा कोण वाहतं ते आता आठवलं?" खाली लिहिलं होतं की काम सुरू केलंय. मोहल्ल्यातल्या बायका सह्या आणि अंगठे घेऊन थेट नगरपरिषदेच्या सभेत जाऊन बसल्या. राजीनामा कोणीच दिला नाही. पण पुढच्या सभेत जुना ठराव पुन्हा मंजूर झाला आणि वर्षभरात नळ आला.

इब्राहिमभाई कायमचे परतल्यावर घरात कसलाही कागद आला, गॅसचा, शाळेचा, बँकेचा, की आधी भाभींपुढे ठेवत. भाभींनी वाचून सही केल्याशिवाय स्वतः पेन उचलत नसत. आम्ही चिडवायचो. ते हसायचे, पण कारण कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मृत्यूच्या दाखल्यासाठी मी मुलाबरोबर त्यांच्या घरी बसलो होतो. त्याने अर्ज भरला, सहीसाठी पेन टेकवलं... आणि थांबला. उठून आत गेला.

"अम्मी," तो म्हणाला, "एकदा वाचून घे. मग मी सही करतो."